सलाईनचा हात

अतिदक्षता विभागातल्या मुख्य परिचारिकेला सगळे पाठीमागे फौजदारीण म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सलाईन चालू असलेल्या हातातून एखाद्या पोरीने तपासणीचं रक्त काढलं, की ती तिला सगळ्यांदेखत रडवायची. "त्यात रक्त कमी, सलाईनच जास्त! अक्कल गहाण टाकलीस का?"

अशा बाईच्या तावडीत तिची धाकटी जाऊ येऊन पडली. उलट्या-जुलाबांनी पार पिळून निघालेली, रक्तातलं आम्ल वाढल्यामुळे धापा टाकणारी. दोघींमधून विस्तव जात नव्हता. "रोग्यांची घाण काढणारे हात, हिच्या हातचं पाणीसुद्धा नको," असं धाकटी एकदा भर पाहुण्यांत बोलली होती. फौजदारीण ते कशाला विसरेल!

"हिला हात लावू देऊ नका," धाकटी इथेही कण्हत म्हणाली आणि मोकळा हात तिने छातीशी गच्च धरला. दुसऱ्या हातात पोटॅशियम घातलेलं सलाईन चाललं होतं. कोण हिची मनधरणी करणार! फौजदारणीने त्याच हातात, सलाईनच्या जरा वर सुई खुपसली आणि रक्त पाठवून दिलं.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच वाढलेलं आलं. डॉक्टर म्हणाले, "सलाईन बंद करा. इन्सुलिन द्या, म्हणजे ते खाली येईल."

तिने इंजेक्शन भरलं, मॉनिटरकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली. ठोके चुकत होते, लाटा सपाट पडल्या होत्या. पोटॅशियम कमी पडलं की दिसतं तसं. ते आणखी उतरवलं असतं तर हृदय बंदच पडलं असतं. रक्त कुठून काढलं हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर, थांबा. मी सलाईनच्या हातातून रक्त काढलंय."

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली. पोरी माना खाली घालून हसल्या. तिने धाकटीचा दुसरा हात ओढून सोडवला आणि पुन्हा रक्त काढलं. पोटॅशियम अगदी तळाला गेलेलं होतं.

धाकटी वाचली. बोलण्याइतकी ताकद येताच भेटायला येईल त्याला सांगू लागली, "हिने मला मारायला घेतलं होतं."

दीर तावातावाने आला. "वहिनी, खरं आहे का हे?"

त्या घरात तिने आजवर कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. आताही ओठांवर पुष्कळ आलं. चूक झाली, पण मीच सांगितली, मीच हिला वाचवलं. पण ती सुई खुपसताना धाकटी कळवळली, तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं.

ओठांवरचं सगळं गिळून ती धाकटीची नाडी बघायला वळली.