सासूबाईंनी सांगितलेलं ऑपरेशन

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आमच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीवर हडळ आहे म्हणून मजूर बायका भर दुपारी तिकडे फिरकायच्या नाहीत. मी मुद्दाम त्याच विहिरीच्या काठावर बसून भाकरी खाल्ली, पाणी प्यायले आणि वर एक डुलकीही काढली. हडळ काही आली नाही, आमचे हे मात्र शोधत आले. तेव्हा गूढ अनुभवांच्या या सदरासाठी मी कधी लेखणी उचलीन असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं... पण घडलं ते घडलं. यात भूत नाही, सावली नाही, पांढऱ्या लुगड्यातली बाई नाही. ज्यांना तेच हवं असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचा अनुभव वाचावा.

आमचा मळा अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला. मेथी, पालक, वांगी, सणावाराला झेंडू. माल अमरावतीच्या बाजारात मी आणि सासूबाई विकायचो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. माझे वडील मूर्तिजापूरला शाळेत शिपाई होते, त्यामुळे माझं चार इयत्ता का होईना शिक्षण झालं. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची सगळी बाळंतपणं घरात झाली, ताप आला तर काढा, हात मोडला तर हाडवैद्य. दवाखान्याची पायरी त्या बाईनं जन्मात चढलेली नव्हती. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच आहे.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार. त्या वर्षी माझं अंगावरून जाणं सुरू झालं आणि थांबेचना. टोपली उचलली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी ह्यांनी बैलगाडीत घालून अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या, मराठी मोडकं पण स्वभाव सरळ. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, “पिशवीत गाठ आहे. पिशवी काढावी लागेल. सोमवारी भरती व्हा.” बाहेर बायकांची ही रांग. पुढची आतही आली. आणि बाजारात अडत्यांची बोलती बंद करणारी मी, तिथे मात्र तोंड शिवल्यासारखी उठून आले. काय करतात, किती दुखतं, जाग येते की नाही... एक शब्द विचारला नाही.

आमच्या भागात असलं ऑपरेशन झालेली बाई औषधालाही नव्हती. ऐकीव गोष्टी मात्र हव्या तेवढ्या. शेजारची म्हणाली, “पोट फाडते अन् पिंजऱ्यातल्या माकडावानी बांधून ठेवते.” माझ्या दोन मुली, धाकटीला अजून वेणीसुद्धा घालता येत नव्हती. मी मेले तर ह्या पोरी सावत्र आईच्या हाती जाणार, एवढंच मला दिसत होतं. न जाता मेले तरी तेच होणार, हे काही सुचत नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं, सोमवारी जायचं नाही.

रविवारी संध्याकाळी, ऊन अजून होतं, आम्ही सासू-सुना निंबाखाली मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. केळीच्या सोपटानं जुडी आवळायची आणि ओल्या पोत्यावर ठेवायची. हात आपोआप चालतात. आणि आत्याबाई बोलायला लागल्या. मान खाली, नजर जुडीवर, आवाज रोजचाच.

“जाय तू. भेव नको. पयल्या दिवशी एरंडेल पाजतीन, पोट साफ करतीन. खालचे केस काढतीन. लाजू नको, त्यायले रोजचंच हाय. बांगड्या काढा म्हनतीन. काढू नको, वरून पट्टी गुंडाळा म्हन. गुंडाळते थे.”

मी ऐकत राहिले.

“मंग एका खोलीत नेतीन. वर काच असंन छताले. काचेवर कबुतर चालत असंन, त्याचे पाय खालून दिसतीन. त्याच्याकडंच पाह्यत राह्य. तोंडावर जाळी ठेवतीन, सडक्या खरबुजाचा वास येईन. मोज म्हनतीन, मोजजो. मंग काईच नाई. मंग जाग येईन. लय तहान लागंन. डाव्या हाताच्या खाटेवरची बाई पानी देईन, मायेनं देईन. घेऊ नको. कापसाचा बोळा ओठाले लावा म्हन.”

पुढे वाऱ्याचं सांगितलं. पोट फुगेल, कळा येतील, आणि वारा सरला की नर्ससकट सगळ्या खूश होतील. आणि शेवटी म्हणाल्या, “मंग एका दिवशी कारन नसतानी रडू येईन. दुखते म्हनून नाई, आता लेकरू होनार नाई म्हनून नाई. उगाच. येऊ देजो. कोनी चूप कर म्हनलं तरी येऊ देजो.”

तुम्हाला हे कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. बाजारात दहा गावच्या बायका भेटतात, त्यातल्याच कोणी सांगितलं असेल असं धरून चालले. खरं म्हणजे मला तेव्हा पुरावा नको होता, धीर हवा होता. तो मिळाला. रात्री मी ट्रंकेतून दोन जुनी लुगडी काढली आणि सोमवारी सकाळी भरती झाले.

आता पुढचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही ते वाचलेलंच आहे. एरंडेल झालं, एनिमा झाला, केस काढले. नर्स साबणाचं पाणी घेऊन बांगड्या उतरवायला आली. तेव्हा मी म्हटलं, “वरून पट्टी गुंडाळा.” ती म्हणाली, “बाकीच्या रडतात आधी. तुला कोणी सांगितलं?” म्हटलं, सासूनं. तिनं पट्टी गुंडाळली.

ऑपरेशनच्या खोलीत मला टेबलावर निजवलं आणि मी वर पाहिलं. छताला उजेडासाठी काच बसवलेली होती. तिच्यावर एक कबुतर इकडून तिकडे चालत होतं. त्याचे गुलाबी पाय खालून स्वच्छ दिसत होते.

भीती वाटली का, असं मला नेहमी विचारतात. नाही. मला हसू आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मोजा.” आम्ही बाजारातली माणसं, मोजताना पहिल्या नगाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मी सुरू केलं, “लाभ, दोन, तीन...” तोंडावरची जाळी उचलून त्यांनी विचारलं, “लाभ कोण? नवऱ्याचं नाव आहे?” नवऱ्याचं नाव घेईन का मी? पण सांगायला वेळ नव्हता, जाळी परत आली आणि खरबुजाचा वास आला.

जाग आली ती तहानेनंच. घशात कोरडी माती भरल्यासारखं झालं होतं. डाव्या खाटेवर चांदूर रेल्वेची एक म्हातारी होती, पायाला फळी बांधलेली. ती कशीबशी वळली आणि लोटा पुढे करून म्हणाली, “घे व माय, दोन घोट घे, मी कोनाले सांगत नाई.” इतक्या प्रेमानं मला कोणी पाणी दिलं नसेल. मी तोंड फिरवलं आणि कापूस मागितला. पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वेळी पाणी पोटात जाऊन उलटी सुरू झाली असती तर टाके तुटले असते, आणि मग त्यांच्या हातात काही राहिलं नसतं.

वारा सरला तेव्हा चांदूर रेल्वेच्या म्हातारीनं साखर वाटायला सांगितली. आणि टाके काढल्यावर एका दुपारी, छान ऊन पडलेलं, पोरी भेटून गेलेल्या, सगळं ठीक असताना मी रडायला लागले. नर्स म्हणाली, चूप करा, जखमेवर ताण येईल. मी रडून घेतलं.

घरी आल्यावर अंग धरल्याबरोबर मी आत्याबाईंच्या पाया पडले. म्हटलं, “तुमी सांगतलं म्हनून वाचली मी.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “म्या? म्या काय सांगतलं?”

“त्या दिवशी निंबाखाली. दवाखान्याचं.”

“येडी झाली का व तू? थे तं तू सांगत होती. म्या आयकत होती.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण आत्याबाईंना चेष्टा जमत नसे. मी कबुतराचं अजून कोणालाही सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. मुद्दाम विचारलं, “बरं, मी काय काय सांगतलं?” त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. एरंडेल, पट्टी, काचेवरचं कबुतर, त्याचे पाय, खरबूज, डाव्या हाताची बाई, वारा, रडू. शब्द न् शब्द तोच. फक्त त्यांच्या मते बोलणारी मी होते.

“येवढं ध्यानात कसं राह्यलं तुमच्या?” मी विचारलं. 

“राह्यनार नाई तं काय? म्या माह्यासाठी आयकत होती. तुह्या लग्नाच्या आंधीपासून माह्यं अंग बाहेर येते. फडकं कोंबून बसतो बाजारात. कोनाले सांगू? तुह्या सासऱ्याले सांगू, का लेकाले सांगू?”

इतकी वर्षं मी त्या बाईच्या शेजारी बसून भाजी विकली. टोपली उतरवताना त्या एक हात पोटाखाली धरत, ते मला कंबरदुखी वाटायचं. मला आधी त्यांचाच राग आला, मग माझाच आला. वाद विसरून मी त्यांच्या गळ्यात पडले. दोघी मिळून रडलो, आणि मग भाकरी करपल्याचा वास आला.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. त्या रविवारी हे तिथेच, दहा पावलांवर मोटेचं नाडं दुरुस्त करत बसले होते. म्हटलं, खरं सांगा, कोण बोलत होतं? हे म्हणाले, “कोनीच नाई. तुमी दोघी मुक्या बसल्या होत्या. म्या मनात म्हनलं, आज काय दोघीयचं भांडन झालं काय? जुड्या बांधून झाल्या तवा माय उठली अन् तू उठली. एक शब्द आयकला नाई म्या.”

आमच्या ह्यांना ऐकायला कमी येतं असं कोणी म्हणेल. तसं नाही. शेजारच्या मळ्यात बैल सुटला तर ह्यांना इकडे कळतं.

आत्याबाईंना दवाखान्यात न्यायला पुढचा हिवाळा उजाडला. अमरावतीत सगळा बाजार ओळखीचा, चारचौघांत गवगवा झालेला त्यांना चालणार नव्हता. म्हणून नणंदेकडे अकोल्याला नेलं आणि तिथल्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल, पण वय झालंय, क्लोरोफॉर्म झेपेल की नाही याची खात्री देता येत नाही. हे तिथेच मागे हटले. नणंद रडायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, “करा.”

त्या सकाळी त्यांना आत न्यायच्या आधी मी खाटेशी बसले आणि ठरवलं, या खेपेला सगळं नीट सांगायचं, मोठ्यानं, म्हणजे पुन्हा वाद नको. मी सुरू केलं. जाळीचं सांगितलं, वासाचं सांगितलं, पण त्यांचा तो सुरकुतलेला हात, त्यावर बांगड्यांवरून गुंडाळलेली पट्टी दिसली आणि माझं सगळं उलटसुलट व्हायला लागलं. पाण्याचं सांगायचं ते आधीच सांगितलं, मोजायचं राहून गेलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

“राह्यू दे. तवा चांगलं सांगतलं होतं तू. आता गडबडून राह्यली.”

“मंग काय करू, आत्याबाई?”

“काई बोलू नको. नुस्ती बस.”

मी बसले. हात हातात होता. व्हरांड्यात कोणीतरी बादली सरकवत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. मी काही बोलले नाही, त्या काही बोलल्या नाहीत. मग स्ट्रेचर आलं. दोघांनी उचलून त्यांना वर ठेवलं, आणि दाराशी पोचताना त्या मान वळवून म्हणाल्या, “बरं झालं सांगतलं. आता भेव नाई.”

मी ओठसुद्धा हलवला नव्हता. नणंद शेजारी उभी होती, विचारा तिला.

आत्याबाई बऱ्या झाल्या. शुद्धीवर आल्यावर पाणी मागितलं नाही, कापूस मागितला. त्यानंतर कितीतरी हंगाम त्यांनी टोपली दोन्ही हातांनी उतरवली. ‘तूच सांगतलं’ आणि ‘तुमीच सांगतलं’ हे आमचं भांडण त्यांच्या अखेरच्या दुखण्यापर्यंत चाललं आणि निकाल लागला नाही. दोघींपैकी एकीची आठवण चुकीची आहे, असं समजू. पण मग जी बोलली तिला ते कुठून कळलं? आणि कोणीच बोललं नसेल तर...? मी पुष्कळ डोकं चालवलं. उत्तर नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहावं, फक्त विहिरीतल्या हडळीचं नाव घेऊ नये.

एक मात्र करते. बाजारात एखादी बाई भाव विचारून झाल्यावरही जात नाही, पदर तोंडाशी धरून घुटमळते, इकडेतिकडे बघते. मी तिला माझ्या पोत्यावर बसवून घेते आणि सगळं सांगते. एरंडेलापासून रडण्यापर्यंत, स्पष्ट, शेजारच्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आम्हाला न बोलता ऐकू आलं, आमचं नशीब. तिलाही येईल, या भरवशावर मी तिला तशीच घरी पाठवत नाही.