काकूंनी टोकलं तेव्हा

शनिवारी आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघरात, दानियलकाका तोराह या धर्मग्रंथाच्या गुंडाळीतून वाचत होते. प्रेषित मोशे देवाला म्हणतो, माझी जीभ जड आहे, मला नको पाठवूस. आणि नेमके तिथेच काका एक शब्द चुकले! तोराहचा एकही शब्द चुकीचा जाऊ द्यायचा नाही, ही आमची रीत; क्षणात बाकांवरून, दारातून बरोबर शब्दाचा पुकारा झाला. बायकांच्या गॅलरीत माझ्या शेजारून तर त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, खणखणीत आवाज! काका हसले, ओळीत मागे गेले आणि तो शब्द पुन्हा नीट वाचला.

माझ्या अंगावर काटाच आला. देवाच्या वतीनं बोलणाऱ्याला भर सभेत टोकायचं, आणि त्यानं ते ऐकायचं! अहो, केवढी ही मोकळीक! देवाचे शब्द तोंडात आले म्हणून माणूस काही देव होत नाही. जड जिभेच्या मोशेला देवानं त्याच्या वतीनं बोलायला सोबत एक भाऊ दिला. काकांना तर अख्खी सभा दिली!

जिना उतरताना मी म्हटलं, "काकू, काकांना जरा सांभाळून घ्यायचं हो."

"त्यांना घरी घेतेच की," काकू पदर सावरत म्हणाल्या, "इथं मी देवाला सांभाळून घेतलं."