चाकाचा गाळलेला दात

आमची धायरीची सोसायटी ज्या कांद्याच्या वावरात उभी आहे, ते वावर इंद्रजीतच्या आजोबांचं. आज त्याच वावरात गाडी कुठे लावायची, हे इंद्रजीतला आम्ही शिकवतो. आम्ही म्हणजे मी. सेक्रेटरी आहे ना!

जमीन बिल्डरला गेली, बदल्यात फ्लॅट आले आणि इंद्रजीतच्या वडिलांची, सर्जेरावांची, जुनी पेट्रोल जीप आमच्या पार्किंगमध्ये आली. पुढे सर्जेराव गेले. जीप राहिली, तीही बंद. त्यांची म्हणावी अशी तेवढीच वस्तू उरली होती. इंद्रजीतची आई मुक्ताबाई रोज खाली येऊन तिची सीट पदरानं पुसायच्या.

इंद्रजीत हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये मान मोडून घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी जीपखाली आडवं व्हायचं, हा त्याचा संसार. बायको तनुजा त्याला जेवायला हाक मारायची ती बॉनेटकडे तोंड करून. कार्बोरेटर जुना झाला म्हणून तो दुरुस्त करावा ना? छे! यानं तो काढून टाकला आणि इंजिनाला बाहेरून मागवलेला कॉम्प्युटर जोडला. पेट्रोल कधी सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे म्हणे आता तो ठरवणार. उत्तम. पण त्या शहाण्याला इंजिन किती वेगानं फिरतंय आणि फिरून कुठवर आलंय, हे कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक दातेरी चाक आणि त्याच्या शेजारी सेन्सर. दात समोरून गेला की सेन्सर खूण पाठवतो. चाकाचा एक दात मात्र मुद्दाम गाळलेला असतो. ती मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला पत्ता लागतो, आणि मगच ठिणगी पडते. हे इंद्रजीतनं मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. मी विचारलं कधीच नव्हतं.

तर ती खूणच धड येईना. कधी सेन्सरची वायर ठिणगीच्या वायरीजवळून गेली म्हणून खोट्या खुणा, कधी सेन्सर धरणारी पट्टी थरथरली म्हणून खऱ्या खुणा गायब. त्यानं जाळीचं आवरण असलेली वायर घातली, पट्टी जाड केली, सेन्सर दातांच्या अगदी जवळ आणला. नवरात्रात इंजिन एकदा सुरू झालंसुद्धा. पण चाक डुगडुगत होतं, म्हणून ते लेथवर सरळ करून आणलं, आणि हत्यारांबरोबर खंडेनवमीच्या पूजेला मांडायला आईकडे दिलं.

इकडे आमच्या कमिटीनं ठराव केला होता: दसऱ्याच्या दुपारपर्यंत गाडी चालू करून दाखवावी, अन्यथा भंगारवाल्यास पाचारण करण्यात येईल. मसुदा माझा. ‘पाचारण’ हा शब्द मला अजूनही आवडतो.

दसऱ्याच्या सकाळी इंद्रजीतनं हळदी-कुंकवानं माखलेलं चाक झेंडूची माळ काढून घाईघाईनं पुलीवर चढवलं. ते एका खुंटीवर आपोआप जागच्या जागी बसतं, त्यामुळे निरखायची गरज पडली नाही. स्टार्टर मारला. इंजिन नुसतंच घरघरलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मग त्यानं वायर तपासली, बॅटरी तपासली, सेन्सर काढून घातला. कमिटीनं प्रत्येकी एक सल्ला दिला, आणि श्रीखंडाची वेळ झाल्यावर सगळे वर गेले. अध्यक्ष श्रीधर म्हणाले, साक्षीला सेक्रेटरी थांबतील, ते सांगतील ते खरं.

तेवढ्यात मुक्ताबाई खाली आल्या.

“त्या चाकाचा एक दात पडला व्हता,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “खंडित वस्तू पूजेला चालती व्हय? ग्रीलवाल्याकडनं भरून घेतला. वळखू तरी येतोय का बघ.”

आणि आपट्याची पानं आणायला वर गेल्या.

इंद्रजीत वाकून चाकाकडे बघत राहिला. खरंच ओळखू येत नव्हता. ग्रीलवाल्यानं जीव ओतला होता.

मी म्हटलं, अरे बाबा, कापून टाक तो दात, अजून वेळ आहे. तो म्हणाला, ग्राइंडर वर पूजेच्या पाटावर आहे, फुलांखाली. पाट हलवायचा म्हणजे आईला कारण सांगावं लागणार.

“मग सांग ना!”

“काका, गुडघे धरत धरत गेली असेल ती ग्रीलवाल्याकडे,” तो म्हणाला. “बाबांच्या गाडीसाठी.”

आणि बॉनेट लावून, हात पुसून, तो भंगारवाल्याची वाट बघत जीपला टेकून उभा राहिला. मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं डोकं खाल्लंस माझं, आणि आता एक वाक्य बोलवत नाही?

हात-तोंड पुसत कमिटी खाली उतरली, मागोमाग तबक घेऊन मुक्ताबाई. काय झालं, म्हणून श्रीधरनी मला विचारलं. इंद्रजीत तोंड उघडणार, त्याआधी मीच बोललो.

“झाली चालू. मी स्वतः ऐकली.”

आवाज कसा आला नाही, असं कुणीतरी कुरकुरलं. मी म्हटलं, श्रीखंड खाताना कान बंद होतात, हा अनुभव आहे.

मुक्ताबाईंनी माझ्या हातावर सोनं ठेवलं, मग लेकाच्या. “बघ, म्हनलं नव्हतं? दात बसवला म्हणून झाली.”

“हो आई,” इंद्रजीत म्हणाला. “तुझ्यामुळंच झाली.”

माझे डोळे भरून आले. इंजिनाच्या धुरानं, असं म्हणायचीही सोय नव्हती.