शोभेची चूल

चुलीवरची भाकरी खायला म्हणून पुण्या-मुंबईची माणसं गाड्या काढून कोल्हापुरात येतात. त्यांची मला कीव येत नाही, राग येतो. हायवेजवळच्या ज्या हॉटेलात मी भाकऱ्या थापते, तिथं दारातच चूल आहे. शेणानं सारवलेली, पुढं दोन लाकडं नीट रचलेली. ती लाकडं आजवर कधी पेटलेली नाहीत. चुलीच्या पोटात गॅसचा बर्नर आहे, नळी मागच्या भिंतीतून नेली आहे. खरा धूर झाला तर एसीत बसलेल्या पावण्यांच्या डोळ्यांत जाईल ना! तरी वास तर आला पाहिजे, म्हणून कोपऱ्यात एका धुपाटण्यात नारळाच्या शेंड्या जाळतात. लोक तो वास घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "गावाची आठवण आली." कुठलं गाव रे बाबा? तुझ्या बापानं तरी कधी चूल फुंकली होती का?

पहिली तीन वर्षं मी मागं, भटारखान्यात होते. ड्युटी तुकड्यातुकड्यानं. सकाळी दहा ते तीन, मग सहापासून हॉटेल बंद होईस्तोवर. मधल्या वेळात घरी जाऊन यावं तर सगळा वेळ बसची वाट बघण्यातच जायचा, म्हणून पाण्याच्या टाकीजवळ पोतं टाकून पडायचं. जेवण उभ्यानं, रस्सा-भात, पाच मिनिटांत. कामगारांना भाकरी द्यायची नाही, हा मालकाचा नियम. जी थापते तिलाच भाकरी नाही, यात काही चुकतंय असं त्या माणसाला कधी वाटलं नाही. वाटणार कसं? त्याच्या ताटात रोज दोन असायच्या.

नवरा फौंड्रीत, त्याच्या पाळ्या दर आठवड्याला फिरणाऱ्या. दोघांनी असं राबायचं तेव्हा कुठं खोलीचं भाडं आणि पोरीची शाळा भागते. लेक दहा वर्षांची. बाप पाळीवर नाहीतर झोपलेला, म्हणून रोज संध्याकाळी घरात एकटीसारखीच. स्वतःच पाकिटातल्या नूडल्स करून खायची, नाहीतर चहात बेकरीचा कडक बटर बुडवून. मला दागिना नको होता, साडी नको होती. संध्याकाळ पाहिजे होती. तिच्या ताटात स्वतःच्या हातानं गरम भाकरी वाढायची, एवढंच डोक्यात होतं.

मग दारातल्या चुलीवर बसणाऱ्या म्हातारीचे गुडघे धरले आणि तिनं काम सोडलं. मालक मागं आला.

"वैनी, पुढं बसता का? धा ते पाच, एकच ड्युटी. पर नऊवारी नेसाय लागंल. नथ, मोठं कुंकू, सगळं पायजे."

"आणि भाकऱ्या?"

"त्या मागनंच येत्यात की! तुमी नुसतं आवाज काढून थापायचं. लोकं व्हिडिओ काढत्यात. आन् कुणी इचारलं घरात काय खाता, तर सांगायचं, आमी रोज हेच खातो."

काय माणूस! बेंदराच्या बैलासारखं नटून दारात बसायचं आणि वर खोटं बोलायचं. मनात चार शिव्या घातल्या आणि तोंडानं "व्हय" म्हणाले.

पुढं बसल्यावर कळलं की मागचा भटारखाना बरा होता. तिथं निदान कुणी गालाला गाल लावून फोटो काढत नव्हतं. एकीनं मला "आजी, इकडे बघा ना" म्हटलं. माझं वय अडतीस, आणि ती बया पन्नाशीला टेकलेली. एक जण हट्टानं काटवटीपुढं बसला. पिठाचा पार चिखल केला, तव्यावर टाकताना त्याचे तीन तुकडे झाले, तरी बायको टाळ्या वाजवतीय. मलाही म्हणावं लागलं, "लई भारी जमली की सायेब." माझं माहेर नेसरीकडचं. असली भाकरी केली असती तर आईनं उलथणं फेकून मारलं असतं. असले हे मोठे लोक. कौतुक विकत घ्यायला येतात आणि मिळालं की खरंच मानतात.

पण संध्याकाळ मिळाली. सहाच्या आत मी घरात. पहिल्या दिवशी पोरगी दारातच उभी होती. "आई, आज भाकरी करणार न्हवं?"

मी म्हटलं, "उद्या करते बाळ."

खरं सांगते, दिवसभर ज्वारीचं पीठ बघून मला त्याचा वासही नको झाला होता. मनगटं ठणकत होती. नुसती पाठ टेकावी वाटायची. उद्याचं परवा झालं. चार-पाच दिवसांनी तिनं विचारायचं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, पोर शहाणी आहे. ती नूडल्स करायची, मलाही एक वाटी द्यायची. मीही खायचे, मुकाट्यानं.

दिवाळीच्या सुट्टीत एक बाई आली, फोन काठीला लावून. माझ्यापुढं उकिडवी बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "काकू, तुमच्या मुलांना पण रोज अशीच गरम भाकरी मिळत असेल ना? किती लकी आहेत!"

मालक गल्ल्यावरून बघत होता. मी नथ सावरली, हसले आणि म्हणाले, "व्हय की ताई. माझी लेक भाकरीबिगर जेवतच न्हाय. संध्याकाळी चुलीपुढं बसती, पहिली भाकरी तिची." मालकानं शिकवलं होतं त्यापेक्षा चार शब्द जास्तच बोलले. बाई खूश होऊन गेली. मी मनात म्हटलं, जा, खुळी कुठली.

तो व्हिडिओ गावभर फिरला. पोरीच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आईकडून तो आमच्या फोनवर आला. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ती तोच बघत बसली होती. तिनं दोनदा बघितला. वाटलं, आता विचारणार, खोटं का बोललीस. कोल्हापूरची पोरगी, तोंडावर बोलेल, मग मीही ओरडेन आणि मिटेल.

ती काही ओरडली नाही. फोनमधल्या नथवालीकडं बोट केलं आणि म्हणाली, "ही बाई चांगली हाय की गं. हिच्या पोरीला रोज मिळती."

इतके दिवस मी ज्याला त्याला नावं ठेवली, मालकाला, पावण्यांना, त्या काठीवालीला. त्या क्षणी माझीच मला किळस आली. उठले आणि पिठाचा डबा काढला. झाकण उघडलं तर पिठाला जाळी धरली होती, आत बारीक आळ्या वळवळत होत्या.

मी डबा हातात धरून उभी होते. तोवर लेकीनं गॅसवर पाणी ठेवलं होतं, दोन पाकिटांचं.