इंजिन चालू झालं की उतरतो

चहा समोर आलाच आहे, तर आज माझी अब्रू माझ्याच हातानं काढून तुमच्यापुढे ठेवतो. एकच अट. हसू आलं तर कप आधी खाली ठेवायचा! मागच्या खेपेला आमच्या साडूंनी ऐकता ऐकता माझ्या पांढऱ्या शर्टावर चहा उडवला, आणि तो शर्ट पुढे गॅरेजमध्ये हात पुसायला लागला.

तर, मी डिझेलवाला माणूस. जळगावात गॅरेज. अर्धं आयुष्य पंप आणि नोझल खोलण्यात गेलं. ट्रक गेटातून आत शिरायच्या आधीच मी आतून ओरडायचो, "तिसरं नोझल मारतंय रे तुझं!" आणि खोलून बघावं तर तिसरंच! लोक मला उस्ताद म्हणतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

आता गॅरेज भाच्याच्या हातात आहे, पण कान अजून माझेच आहेत. याच कानांनी माझा घात केला.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. जुन्या बसचं इंजिन चालू झालं म्हणजे बस लगेच सुटत नाही. ब्रेकची हवा भरावी लागते. ड्रायव्हर इंजिन चालू करतो, तंबाखू मळतो, कंडक्टर कुठे गेला म्हणून मान वळवून बघतो. बस जागच्या जागी थरथरत असते. खिडक्या खडखडतात, वर ठेवलेल्या बरण्या वाजतात. आणि माझ्या मते आपली माणसं खरं काय ते तेवढ्याच वेळात बोलतात!

हसू नका. आमची पूनम धुळ्याला दिली आहे. तिला बसवून द्यायला गेलो की आम्ही बापलेक तासभर काय बोलतो? कैऱ्यांचा भाव, पाण्याचा टँकर, शेजारच्यांचं भांडण. मग इंजिन चालू होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, हवा भरत असताना ती म्हणाली, "नाना, मला तिकडे करमत नाही." मी "बरं" म्हणालो आणि उतरलो. पुढच्या वर्षी तशाच थरथरत्या सीटवरून म्हणाली, "नाना, आता मला इकडे करमत नाही." मी परत "बरं" म्हणालो आणि उतरलो. पहिल्या वेळी घरी येऊन रडलो. दुसऱ्या वेळी जास्त रडलो.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, ती आली ती बातमी घेऊनच. जावईबापूंची बदली झाली होती. कुठे? थेट चेन्नईला! आणि कंपनी कुठली, तर विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारी बनवणारी! म्हणजे बघा, ज्या गाड्यांनी माझा धंदा मुका केला, त्याच गाड्या माझी लेकही लांब घेऊन चालल्या होत्या.

चार दिवस ती झोक्यावर बसली, आखाजीची गाणी म्हणाली, आईच्या हातच्या सांजोऱ्या खाल्ल्या. मला तिला एकच विचारायचं होतं, "पुढच्या आखाजीला येशील ना?" एवढंसं वाक्य! पण जेवताना विचारलं तर तिची आई रडेल. झोक्यावर विचारलं तर ती रडेल. मी मनाशी ठरवलं, स्टँडवर विचारू. इंजिन चालू झालं की विचारायचं, ती "हो" म्हणेल, आणि मी उतरीन.

निघायच्या दिवशी उन्हाचा नुसता भडका होता. मी घरातल्याच कपड्यांत निघालो. इंजिन ऑइलवाल्यानं फुकट दिलेला टी-शर्ट, पोटावर ग्रीसचा डाग, पायात न्हाणीतल्या स्लिपरा. स्टँडवर तर जायचं, कोण बघतंय?

धुळ्याची बस लागली होती, ती नवी विजेवरची. गारेगार, काचा बंद, सीट मऊ. मी पूनमजवळ बसलो, मांडीवर आंब्यांची पेटी. तिची आई खाली फलाटावर उभी.

"नाना, उतरा आता," पूनम म्हणाली.

"इंजिन चालू झालं की उतरतो."

"अहो, पण ही..."

"मला शिकवते का इंजिनाचं?"

मी कान लावून बसलो.

इतक्यात शेजारची चोपड्याची बस हळूच पुढे सरकायला लागली. पुढे म्हणजे कुठे? फलाट! त्यावर माणसं! मी काचेवर थापा मारून ओरडलो, "अरे ब्रेक मार! माणसं मारतो का?" तिचा ड्रायव्हर निवांत केळं खात होता. मग आमची मंडळीही लांब लांब जायला लागली. मी म्हटलं, ही मागे का सरकते? ती तर हात हलवत होती. मीही हलवला. मग पाणपोई सरकली.

आता मला सांगा, बस सरकेल, बायको सरकेल, पण पाणपोई कशी सरकेल?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शेजारची बस जागेवरच होती. आमचीच मागे निघाली होती! आवाज नाही, थरथर नाही, धूर नाही. मी भानावर येईपर्यंत गाडी स्टँडाबाहेर.

कंडक्टर आला. "तिकीट?"

"मी सोडायला आलोय हो!"

"कुठपर्यंत सोडणार?"

सगळी बस हसली. कंडक्टर भला माणूस होता. म्हणाला, "पुढच्या चौकात थांबवतो, बाबा, उतरा." मी उठलोही होतो. पण नशीब बघा! मागच्या सीटवरून आवाज आला, "उस्ताद! वळखं का माले?"

माझं जुनं गिऱ्हाईक. अमळनेरकडचा ट्रकवाला. तो उभा राहून अख्ख्या बसला सांगायला लागला, "हे आपले उस्ताद! नुसत्या आवाजावरून इंजिन सांगतात! यांच्यासारखा कान खान्देशात नाही! उस्ताद, कुठे निघालात?"

आता काय सांगू त्याला? की खान्देशातला सगळ्यात मोठा कान बस सुटली हे न कळल्यामुळे इथे बसलाय?

मी खाली बसलो आणि ताठ मानेनं म्हणालो, "धुळ्याला. व्याह्यांकडे जरा काम आहे."

लाज वाटली म्हणून बोललो, हे खरं. पण तुम्ही आपली माणसं, तुमच्यापासून काय लपवू? लेकीशेजारी आणखी दोन तास बसायला मिळत होते, तो लोभ लाजेपेक्षा मोठा होता.

पूनमचा चेहरा मात्र पडला. "काय काम, नाना?"

"आहे एक."

झालं! "आहे एक" म्हणणारा बाप आयत्या वेळी लेकीबरोबर सासरी निघतो, याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. तिनं नवऱ्याला फोन केला. "नाना बरोबर येत आहेत. काहीतरी बोलायचं म्हणतात." नवऱ्यानं वडलांना सांगितलं. वडलांनी धाकट्या भावाला बोलावलं.

इकडे माझा फोन वाजला. आमची मंडळी!

"कथा चालनात तुम्ही? आंडेरले सोडाले गयात का सोता नांदाले गयात?"

कुठे निघालात, लेकीला सोडायला गेलात की स्वतः नांदायला, असं विचारत होती. मी हळूच म्हटलं, "अगं, चुकून झालं."

"माले मालूम शे! मी काय येडी शे का? घराना कुलूपनी किल्ली तुमना खिसामा शे!"

खिशात हात घातला. होती.

एरंडोल गेलं, पारोळा गेला. दोन तास मी काय केलं? ट्रकवाल्याशी वाद! बॅटरी चांगली की डिझेल. तो म्हणाला, धूर नाही, आवाज नाही, पोराबाळांच्या छातीला बरं. मी म्हटलं, असेल, पण गाडीत जीव कुठे आहे? तो म्हणाला, खर्च किती कमी! मी म्हटलं, घाटात दमली तर कळणार कसं? मध्ये त्यानं शेंगदाणे दिले, ते खाल्ले. पूनम शेजारी बसून नखं बघत होती. दोनदा तिनं माझ्याकडे वळून "नाना..." म्हटलं. दोन्ही वेळा मी "एक मिनिट" म्हणून ट्रकवाल्याला पटवायला गेलो. पुढे गार हवा लागली आणि माझा डोळा लागला. धुळ्याच्या स्टँडवर तिनंच हलवून उठवलं.

व्याह्यांकडे पोचलो तर दारात चपलांची रांग. आत व्याही, त्यांचे बंधू, दोघे शेजारी, सगळे खुर्च्या मांडून बसलेले. आणि मी? ऑइलचा टी-शर्ट, न्हाणीतल्या स्लिपरा, हातात आंब्यांची पेटी.

पन्हं आलं. कुणी प्यायला तयार नाही.

व्याही, म्हणजे आमचे आप्पा, सज्जन माणूस. घसा साफ करून म्हणाले, "नाना, जे असेल ते स्पष्ट बोला. लेक लांब पाठवायला तुमचं मन होत नाही, आम्हाला समजतं. पण बदली काय आमच्या हातात आहे का?"

त्यांचे बंधू म्हणाले, "पाहिजे तर पोरीला सहा महिने माहेरी ठेवा. पण मन मोडू नका."

अहो, घाम फुटला मला! पूनम स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी. जावईबापू भिंतीला टेकून, चेहरा पांढराफटक. माझ्या एका खोट्या शब्दामुळे पोरीचा संसार पंचांपुढे आला होता.

मी हात जोडले. "आप्पा, माझं काही म्हणणं नाही. मी... मी उतरायचा राहिलो."

"म्हणजे?"

"इंजिनाचा आवाजच आला नाही हो!"

आप्पांच्या बंधूंना असा ठसका लागला की पन्ह्याचा पेला लवंडला. आप्पा डोळे पुसत हसत होते. जावईबापू हसता हसता मला समजावायला लागले, "मामा, तिची मोटर उभ्या गाडीत फिरतच नाही. पाय दिला की फिरते आणि लगेच निघते. उभ्या उभ्या डिझेल जाळायचं कशाला?"

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं, बापू."

बरोबरच होतं हो. पण त्या फुकट जळणाऱ्या डिझेलवर मी माझ्या लेकीशी किती बोललोय, ते त्या पोराला कसं कळणार?

जेवण झालं. हसून हसून सगळे दमले. फक्त पूनम हसली नाही. निघताना म्हणाली, "मी सोडते नानांना स्टँडवर."

जावईबापू म्हणाले, "पाच वाजता विजेची आहे, मामा. गारेगार जा."

"नको! मला डिझेलची पाहिजे."

"अहो, भाजून निघाल उन्हात!"

"निघू द्या!"

कारण मला माझी ती हवा भरायची वेळ परत पाहिजे होती. सकाळी बुडालेली वसूल करायची होती. स्टँडवर सगळ्यात जुनी, खिळखिळी बस शोधली आणि ड्रायव्हरच्या मागची, इंजिनाला लागून असलेली खिडकी धरली. पूनम खाली उभी, माझ्या खिडकीची कड धरून. आम्ही बोललो. काय? कैऱ्यांचा भाव, पाण्याचा टँकर.

आणि मग इंजिन चालू झालं! काय सांगू तुम्हाला, सबंध बस अंगात आल्यासारखी हलली. काळा धूर. दुसरं नोझल मारत होतं, पण आज मला तेसुद्धा गोड लागलं. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो.

"पूनम, पुढच्या आखाजीला येशील ना?"

"काय?"

"येशील ना, पुढच्या आखाजीला?"

तिनं कानाला हात लावला. "काही ऐकू येत नाही, नाना!"

मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "आखाजीला! येशील ना! चेन्नईहून!"

ती जोरजोरात मान हलवत होती. हो म्हणून हलवत होती, की ऐकू येत नाही म्हणून, ते धुरात दिसलं नाही. डोळ्यांना पदर लावला होता, तोही धुरामुळे की कशामुळे, देव जाणे. हवा भरली आणि बस निघाली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आख्ख्या बसनं ऐकलं. तिलाच तेवढं ऐकू गेलं नाही."

तुम्ही म्हणाल, फोन करून विचार की! विचारता येतं हो. पण असलं काही फोनवर विचारतात का?

घरी आलो तेव्हा आमची मंडळी शेजारच्या ओट्यावर, किल्लीची वाट बघत बसलेली. मला वाटलं, आता शिव्या बसतील. तिनं एवढंच विचारलं, "मंग? इचारं का तिले?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

मी झाला तो प्रकार सांगितला. ती ओट्यावरून उठली. मग म्हणाली, "त्या मुक्या गाडीमा दोन तास तिना बाजूले बठेल व्हतात ना? तठे काय करी ऱ्हायंतात?"

मी कुलूप उघडता उघडता म्हणालो, "इंजिन चालू व्हायची वाट बघत होतो."