सुमनमावशीनं अडवलेली रोवणी

धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी करताना कंबर वाकलेली असते, हात चिखलात असतात, डोळे पऱ्ह्यांवर, भाताच्या रोपांवर असतात. रिकामं राहतं ते फक्त तोंड! म्हणून आम्हा रोवणी करणाऱ्या बायांकडे किस्से साचतात. एका बांधीत, एका खाचरात सुरू झालेला किस्सा दुसऱ्या बांधीत रंगतो, आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून डबे उघडेपर्यंत त्याला चांगलं लांब शेपूट फुटलेलं असतं.

एरवी मी गावात शिवणकाम करते. पण पऱ्हे रोवायला आले की मशीनवर जुनी साडी टाकायची आणि सुमनमावशीच्या टोळीत जायचं, हे ठरलेलं. आमचं गाव आसगावच्या पलीकडे, तलावाच्या काठाला. सुमनमावशी आमची मुकडदम. कोणाच्या वावरात कधी जायचं हे ती ठरवते. उंची बेताची, आवाज मात्र तलावाच्या दुसऱ्या काठापर्यंत जाणारा.

एकदा एका शेतकऱ्यानं धुऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकली, वर छत्री धरली आणि म्हणाला, "बाया हो, बोलनं कमी करा, हात चालवा!"

मावशी म्हणाली, "ऐकलं का वो? तोंडं बंद करा सगळ्याजनी."

झालं! सगळी बांधी चिडीचूप. आता बोलण्याच्या नादात आमचे हात चालतात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. तोंडं थांबली तशी कंबर दुखायला लागली, कोणी पाणी प्यायला गेली, कोणी नुसतीच उभी राहिली. दुपारी बघतो तर अर्धं कामही झालेलं नाही. शेवटी तो खुर्चीवरून उठून आला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, काही तरी बोला नं वो!"

मावशी म्हणाली, "काय बोलू भाऊ? विषय तुमीच द्या!"

*

मनीषा आमच्या टोळीत नवी. तिचा नवरा गणेश चिखल्याला मँगनीजच्या खाणीचा माल नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. ठेकेदाराचं काम बंद पडलं, तसा तो बायको आणि लहान लेकीला घेऊन गावात आईकडे परत आला. बापाच्या मागे राहिलेलं थोडं वावर होतं. पण गणेशचा दिवस पानठेल्यावर आणि संध्याकाळ मोहाच्या दारूत जायला लागली.

मनीषा पहिल्यांदा माझ्याकडे आली ती ब्लाऊज शिवायला. म्हणाली, "बाह्या मनगटापर्यंत पायजे, काकू."

एवढ्या उकाड्यात? माप घेताना तिनं दंड मागे ओढून घेतला तेव्हा कळलं. आम्हा टेलर बायांना गावातली पुष्कळ माणसं मापानंच कळतात.

पुढं रोवणीत ती चेहऱ्याला स्कार्फ बांधून आली. घाम पुसताना स्कार्फ सरकला. डोळ्याखाली हे एवढं काळंनिळं!

"काय झालं वो?" मावशीनं विचारलं.

"म्हशीनं शिंग मारलं."

मावशी हातातला पऱ्हा रोवून सरळ उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या घरी म्हैस कवा घेतली?"

सगळ्या गावाला माहीत होतं, गणेशच्या गोठ्यात दोन शेळ्यांशिवाय काही नव्हतं. मनीषा खाली वाकली आणि जास्तच भराभर रोवायला लागली. आमच्यातली एकही हसली नाही.

*

मग एक दिवस मनीषा आलीच नाही. धुऱ्यावर डबे उघडले. विषय एकच, की गणेश असा काहून वागते?

मी म्हटलं, "दारू."

दुसरी म्हणाली, "काम गेलं नं त्याचं. रिकामा मानूस चिडचिड करते."

तिसरी म्हणाली, "काम तर माझ्या नवऱ्याचं बी गेलं. तो कोंबड्यायवर खेकसते, मले नाही मारत!"

चौथीनं पानठेल्यावरच्या दोस्तांचं सांगितलं. मनीषा मजुरी करून घर चालवते, म्हणून ते गणेशला चिडवतात, 'बायकोच्या पदराखाली राहते' म्हणतात. पाचवी म्हणाली, "बापानं गणेशच्या मायले मारलं, तेच पाहून मोठा झाला तो."

सगळंच खरं होतं. मावशी भाकर मोडत सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "प्याल्यावर त्याले काही समजत नाही म्हनता. पानठेल्यापासून घरापर्यंत इतके लोकं भेटतात त्याले. सरपंच भेटते, पोलीस पाटील भेटते. त्यायच्यातल्या एकाले तरी मारलं का आजपर्यंत? एवढा टुन्न होऊन बी बायको बरोबर वळखू येते!"

डबे तसेच बांधले आणि आम्ही सगळ्या चिखलाच्या पायांनी गावाकडे निघालो.

*

वाटेत पोलीस पाटलांचं घर. मावशी म्हणाली, "चला पाटील, मनीषाले घेऊन यायचं आहे."

पाटील माणूस वाईट नाही, पण त्यांना भांडणापासून लांब राहायला आवडतं. ते म्हणाले, "मावशी, नवरा-बायकोचं घरातलं आहे ते. आपन कायले मधात पडावं?"

मावशी त्यांच्या अंगणातल्या तणशीच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "मांगच्या साली या ढिगाले आग लागली होती. अख्खं गाव बादल्या घेऊन धावलं. तवा मी म्हटलं होतं का, की पाटलाच्या घरची आग आहे, आपन कायले मधात पडावं?"

पाटलांनी खुंटीवरचा सदरा काढला आणि बटणं लावत लावतच आमच्या पुढे चालायला लागले.

*

गणेश घरी नव्हता. मनीषा आत भिंतीला टेकून बसली होती, लेक मांडीवर. उठायला गेली तर बरगडी धरली. दारात गणेशची आई शेवंताबाई आडवी उभी.

"मले बी मारत होता माहा नवरा," ती म्हणाली. "मी काय मेली? सौंसार केलाच नं!"

आता मावशी तलावापलीकडे ऐकू जाईल असं काही बोलणार, असं मला वाटलं. पण ती शेवंताबाईच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "शेवंते, तुझी वेनी कोन घालून देते वो?"

शेवंताबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फार वर्षांपूर्वी नवऱ्यानं पिरगाळला होता. गावाला ती आजवर सांगत आली, विहिरीवर पडले.

शेवंताबाईनं डाव्या हातानं वेणी चाचपली. मग दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "सून घालून देते."

मनीषा लेकीला घेऊन मावशीच्या घरी राहायला आली. आधी दवाखान्यात नेलं, मग ठाण्यात तक्रार दिली. दोन्ही ठिकाणी पाटील सोबत होते, हे सांगायलाच हवं.

*

आता गंमत बघा. गणेशच्या वावरातले पऱ्हे रोवायला आले होते. पऱ्हे जास्त दिवस राहिले की जून होतात, मग धानाला फुटवे येत नाहीत. गणेश टोळीला काम सांगायला मावशीच्या अंगणात आला.

मावशी म्हणाली, "ज्या घरात बाईवर हात उचलला, त्या घराच्या बांधीत आमचा पाय नाही."

गणेश गुरगुरत गेला. पण आतून मनीषा बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, ती बांधी माही बी आहे. तेच धान माही लेक वर्षभर खाते. त्याले शिक्षा देता देता आमी उपाशी राहू का?"

तिचं खोटं नव्हतं. मावशी म्हणाली, "मले पऱ्हे जून व्हायच्या आधीची मुदत दे. नाही जमलं तर आमी सगळ्याजनी येऊन तुझ्यासाठी रोवू. मजुरी बी नाही घेत."

मला मावशीचा अभिमान वाटतो तो यासाठी. तिला माघार घेता येते, आणि घेताना तिचा आवाज लहान होत नाही.

*

गणेशही काही कमी नव्हता. त्यानं लाखांदूरकडची टोळी आणली, टेम्पो भरून! मावशी एकटीच धुऱ्यावर गेली. भांडायला नाही, पान खायला. पानाचा डबा उघडून तिनं त्या बायांना सगळी हकीकत सांगितली. आम्ही लांबून बघत होतो. डबा या हातातून त्या हातात फिरला, माना हलल्या, आणि थोड्या वेळानं सगळ्या बाया परत टेम्पोत चढायला लागल्या.

गणेश धावत गेला. "अवो बाई, कुठं चालल्या? रोवनी कोन करीन?"

त्यांची मुकडदम टेम्पोतून वाकून म्हणाली, "आमच्या गावात बी तुझ्यासारखे दोघं-तिघं आहेत गा. आयडिया मस्त आहे. येनं वाया नाही गेलं!"

*

मग गणेशनं पानठेल्यावरचे दोस्त आणले. आमच्याकडे पुरुष नांगर धरतात, चिखलणी करतात, पऱ्ह्यांच्या जुड्या फेकतात. वाकून पऱ्हे रोवणं हे बाईचं काम. पण दोस्त म्हणाले, "हाट, त्यात काय एवढं!"

जेवणाच्या वेळेपर्यंत एकाची कंबर धरली, एकाला फोन आला, एकाला सासऱ्याची तब्येत आठवली. मागे राहिले ते पाण्यावर तरंगणारे पऱ्हे आणि एकटा गणेश.

तो मात्र गेला नाही. संध्याकाळपर्यंत वाकून रोवत राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. त्याची ओळ अशी वाकडी, की त्यातून सापही सरळ गेला नसता! रस्त्यानं जाणारा एक दोस्त ओरडला, "काय बे, बायको झाला का?"

गणेश वर न बघता म्हणाला, "तू काल पळाला कायले बे?"

मावशीनं शेजारच्या धुऱ्यावरून हे ऐकलं. पानाला चुना लावताना तिचा हात थांबला.

*

तिसऱ्या दिवशी गणेश अंगणात आला. न पिता आला होता. म्हणाला, "मावशी, गलती झाली."

"गलती रस्ता चुकल्यावर होते. तू रस्ता चुकला होता का?"

गणेश खाली बसला. मग म्हणाला, "मारलं मी तिले. किती बार मारलं. बाप मायले मारे तवा मी खाटेखाली लपून बसो. वाटे, मी असा नाही होनार." आणि तो रडायला लागला.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मावशीच्या नाही आलं. ती म्हणाली, "बापाले मधात आनू नोको. बाप गेला. हात तुझा आहे."

मनीषा दारातून म्हणाली, "रोवनीले मी येतो. घरी नाही येत. धान निसवू दे, लोंब्या बाहेर येऊ दे, मंग पाहू. अन् तक्रार वापस नाही घेत."

गणेशनं मान हलवली. दुसरं काय करणार होता!

*

पुढचंही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही विचारालच. धान निसवलं, तेव्हा मनीषा घरी गेली. टोळीतली कोणी ना कोणी रोज चहाच्या निमित्तानं तिच्याकडे डोकावते. गणेश ट्रॅक्टर चालवतो, पानठेला सोडून दुसऱ्या रस्त्यानं घरी जातो. हात उचललेला नाही. पण कोणी मावशीचं कौतुक करायला लागलं की ती म्हणते, "एका हंगामावरून काही समजत नाही. चहा प्यायले जात राहा." मनीषा परवा माझ्याकडे ब्लाऊज शिवायला आली होती. बाह्या आखूड ठेवल्या.

पण माझ्या मनातला किस्सा रोवणीच्या दिवसाचाच आहे. तो सांगते आणि मशीनवर बसते.

त्या दिवशी अख्खी टोळी गणेशच्या बांधीत उतरली. मनीषा आमच्या मधोमध होती. शेवंताबाई धुऱ्यावर नातीला घेऊन बसली होती. आता जुड्या फेकायचं काम मालकाचं. पऱ्ह्यांची जुडी उचलायची, हात वर न्यायचा आणि रोवणाऱ्या बाईच्या पुढ्यात नेमकी टाकायची. गणेशनं पहिली जुडी उचलली. पहिली घरच्या लक्ष्मीला देतात आमच्याकडे. त्यानं मनीषाकडे बघून हात वर नेला.

मनीषानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती तिथंच चिखलात बसली.

सगळ्यांनी पाहिलं. शेवंताबाईनं पाहिलं. गणेशचा हात तसाच वर राहिला होता. जुडीतून पाणी गळून त्याच्या बाहीत जात होतं.

मग त्यानं हात खाली घेतला. चपला धुऱ्यावर काढल्या आणि चिखलात उतरला. पहिल्या बाईजवळ गेला आणि जुडी तिच्या हातात दिली. परत गेला, दुसरी आणली, दुसऱ्या बाईच्या हातात दिली. एवढ्या मोठ्या बांधीत गुडघाभर चिखलातून तो प्रत्येकीपर्यंत चालत होता. त्यानं एकही जुडी फेकली नाही. मावशीनं त्याला थांबवलं नाही.

मनीषापाशी तो सगळ्यात शेवटी आला. ती तोवर उठून उभी राहिली होती. त्यानं दोन्ही हातांत जुडी धरून कमरेच्याही खालून पुढे केली.

मनीषानं आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग जुडी घेतली, तिची गाठ सोडली, खाली वाकून सगळे पऱ्हे एका सरळ ओळीत रोवून टाकले. आणि मान वर न करता म्हणाली,

"दुसरी आन."