खंडेनवमीची झाडलोट

नववीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन देवगडकडून बारामतीला आले, टायपिंग शिकले आणि नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कॉम्प्युटरवर बसले. नेमणूक हंगामी. रोज एसटीतून उतरताना वाटायचं, आज कुणीतरी विचारणार, बाई, दहावीचं सर्टिफिकेट कुठाय?

कुणी विचारलं नाही ते तात्यांमुळे. तात्या म्हणजे आमच्या खात्यातले सगळ्यात जुने कारकून, सणसरचे. मला घ्यावं की नको असं चाललं होतं तेव्हा तेच साहेबांना म्हणाले होते, "हात चालतोय बाईंचा. कागद काय बघताय?"

खात्यातल्या सर्व्हरवर दोन प्रोग्राम होते. एक जुना, ऊसनोंदीचा. कुणाच्या उसाची लागण कधीची ते बघून तो तोडणीची पाळी लावायचा. दुसरा त्याच वर्षी आलेला, वजनकाट्याचा. प्रोग्राम चालवायला आणखी एक सॉफ्टवेअर लागतं, त्याला रनटाइम म्हणायचे. काट्यासाठी पुण्याच्या प्रोग्रामर सरांनी नवा रनटाइम टाकला आणि जुनाही तसाच ठेवला. दोन कशाला, हे मी विचारलं नाही. विचारलं तर आपलं शिक्षण उघडं पडेल, ही धास्ती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना झाडून-पुसून घेतात. मीही सर्व्हर पुसला आणि मनात आलं, आतूनही साफ करावा. आत दोन कप्पे, म्हणजे फोल्डर, दिसले, दोन्हींत त्याच नावांच्या फायली. एकावर जुनी तारीख. घरात दोन केरसुण्या कशाला, तशातला प्रकार वाटला. जुना कप्पा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सर्व्हरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. काय समाधान वाटलं होतं मला!

दसरा करून आले तर ऊसनोंदीचा प्रोग्राम उघडेना. व्हर्जन जुळत नाही, एवढं इंग्रजीत सांगून बंद पडायचा. मी पुसला तो जुना रनटाइम होता, आणि नव्यावर हा प्रोग्राम चालतच नव्हता. तोडणीची पहिली यादी साहेबांना चारपर्यंत हवी होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरल्या होत्या. पुण्याला फोन लावला. सर म्हणाले, "जुन्या रनटाइमच्या फ्लॉप्या तिकडेच दिल्या होत्या. माझ्याकडे काही नाही. नव्यानं लिहायचं तर महिना जाईल."

संपलं, म्हटलं. नोकरी गेली. डोळे पुसत तात्यांना सगळं सांगितलं.

"कुठल्या हंगामात आलता त्यो प्रोग्राम?" एवढंच त्यांनी विचारलं.

तात्यांची एक रीत होती. प्रत्येक हंगामाच्या नोंदवह्या वेगळ्या फडक्यात बांधायच्या, आणि त्या हंगामात टेबलावर जे जे आलं तेही त्याच गाठोड्यात. त्यांनी कपाटावरनं एक गाठोडं काढलं, सोडलं. कुणाची तरी लग्नपत्रिका, एक कॅलेंडर आणि त्याच्यात चार फ्लॉप्या.

"टाकून नाही दिल्या?" मी विचारलं.

"टाकायला आमी काय खंडेनवमी केली व्हय!"

रडता रडता हसू आलं. दोन फ्लॉप्या उतरल्या, तिसरी करकरायला लागली. मी काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. "हळू, ताई," तात्या म्हणाले, "चूल न्हाय ती." चौथ्या खेपेला ती उतरली, मग शेवटचीही. साडेतीनला यादी छापून निघाली.

"आता साहेबांस्नी कशाला सांगताय? यादी निघाली न्हवं?" तात्या म्हणाले. पण साहेबांनी विचारलं असतं तर माझ्यासाठी तात्या खोटं बोलले असते, आणि तेच मला नको होतं. आपणच जाऊन सांगायचं ठरवलं. त्याआधी मी तात्यांच्या गाठोड्यांसारखे दोन्ही रनटाइमचे कप्पे वेगळे केले, त्यांना हंगामाची नावं दिली. प्रत्येक प्रोग्राम सुरू करणाऱ्या फायलीत, पहिल्याच ओळीत, त्यानं कुठल्या कप्प्यात जायचं ते लिहिलं. सगळं कागदावर उतरवलं आणि कागद घेऊन आत गेले.

साहेबांनी ऐकून घेतलं. कागद दोनदा वाचला. "हा सर्व्हरवर चिकटवा," म्हणाले. "आणि उद्या लवकर या, यादीत दुरुस्त्या निघतील."

उद्या या, म्हणाले. मी बाहेर येऊन तात्यांच्या पाया पडले, तर ते पाय ओढून घेत म्हणाले, "उठा, उठा, टोळीवालं बघत्यात!"

पुढच्या खंडेनवमीला तात्यांनी दारातूनच ओरडून विचारलं, "ताई, आत झाडू न्हाय ना मारला?" मी सर्व्हरला माळ घातली, आणि एक झेंडू त्या गाठोड्यावर ठेवला.